गळ्यातला खोळंबा

सव्वीस वर्षं मी विद्यापीठात इंग्रजी शिकवली, आणि ती मराठीतून शिकवली. हसू नका. आमच्या वाशीमकडे असंच शिकवतात. सरांनी पुस्तकातलं वाक्य वाचायचं, मराठीत अर्थ सांगायचा, ‘हे परीक्षेला येतं’ म्हणून टेबलावर बोट आपटायचं आणि पोरांनी त्या ओळीखाली रेघ मारायची. मीही असाच शिकलो. माझे विद्यार्थी इंग्रजीत निबंध असे लिहायचे की तपासणाऱ्याने मान डोलवावी. पण त्यांना इंग्रजीत पाणी मागायला लावलं असतं, तर बिचारे तहानेने गेले असते.

यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. कानात दुभाषी आल्यापासून तर मुळीच नाही. शेंगदाण्याएवढं ते यंत्र कानात सरकवलं की समोरचा जपानीत बोलो नाहीतर फ्रेंचमध्ये, आपल्याला स्वच्छ मराठी ऐकू येते. मी तर खुशाल म्हणायचो, आता इंग्रजीची गरज फक्त इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या पोटापुरती उरली आहे.

मग दूर-शुश्रूषेचा नियम आला. आमच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा एक केंद्र उघडलं होतं. परदेशात एकटी राहणारी म्हातारी माणसं, आणि त्यांच्यावर पडद्यातून लक्ष ठेवणारी आमची मुलं. नाडी बघायची, गोळीची आठवण करायची, पडलं-झडलं तर रुग्णवाहिका बोलवायची, दोन शब्द बोलायचे. पण दुभाषी यंत्राला वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं. त्याशिवाय त्याला अर्थ लागत नाही. दोन-तीन सेकंद जातात. कुठेतरी कुणाच्या घशात घास अडकला आणि ते दोन-तीन सेकंद महागात पडले. त्या देशांनी ठरवून टाकलं, आजारी माणूस आणि शुश्रूषा करणारा यांच्या मध्ये यंत्र नको. स्वतःच्या तोंडाने बोला, स्वतःच्या कानांनी ऐका. त्यासाठी ‘स्वमुख’ नावाचं प्रमाणपत्र निघालं. तीन वेळा परीक्षेला बसायची मुभा, चौथी संधी नाही. गावातच राहून चांगली नोकरी म्हटल्यावर आमची निम्मी मुलं तिच्या मागे लागली, आणि धडाधड नापास होऊ लागली.

तेव्हा विद्यापीठाने नाझनीनला बोलावलं. ही अकोल्याची मुलगी, तिशीची, बोलताना मेंदूत काय होतं यावर संशोधन केलेली. तिच्या पेटीत बोटभर रुंदीच्या पारदर्शक पट्ट्या होत्या. त्या गळ्याला चिकटवायच्या.

“आपण बोलायचं ठरवलं,” तिने वर्गाला सांगितलं, “की आवाज फुटण्याआधी मेंदू गळ्याच्या आणि जिभेच्या स्नायूंना विजेचे बारीक इशारे पाठवतो. मनातल्या मनात बोललात तरी पाठवतो. ही पट्टी ते टिपते. इशारा आणि आवाज यांच्यामध्ये जो वेळ जातो, त्याला आम्ही खोळंबा म्हणतो. आपल्या भाषेत तो पाव सेकंदही नसतो. परक्या भाषेत किती असतो ते बघू या. आधी सर दाखवतील.”

सर म्हणजे मी, शरद टेकाडे, इंग्रजी विभागाचा सर्वांत जुना प्राध्यापक. साठ मुलं समोर. नाझनीनने मला इंग्रजीत एवढंच विचारलं की आज सकाळी तुम्ही काय केलंत. पडद्यावर आकडे पळू लागले. चार सेकंद. सात. अकरा. मी खोकलो, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाझनीनने पटकन पडदा बंद केला आणि म्हणाली, “पट्टी सैल बसलीय.”

तास संपल्यावर ती माझ्या खोलीत आली. “पट्टी सैल नव्हती, सर.”

मला राग आला. मी म्हटलं, सव्वीस वर्षं मी या खुर्चीवर आहे आणि काल आलेल्या पोरीने मला शिकवू नये. मग तिने हातातल्या पाटीवर एक ओळ दाखवली. सकाळी उठून मी चहा केला, बायकोला दिला, आणि तिने तो गोड झाला म्हणून नावं ठेवली. इंग्रजीत, एकही चूक नसलेलं वाक्य.

“हे तुमच्या गळ्यात तयार होतं,” ती म्हणाली. “पहिल्या सेकंदालाच. तुम्ही अकरा सेकंद फक्त ते अडवून धरलंत. हे कशाला, तेवढं मला कळत नाही. तुम्हाला कळतं का?”

मला कळत होतं. पण इतक्या वर्षांत मी ते बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. मी इंग्रजी वाचू शकतो, लिहू शकतो, इतरांच्या चुका काढू शकतो. बोलायचं म्हटलं की माझी बोबडी वळते. नाझनीनला मी ते सांगितलं आणि मला रडू येईल की काय असं वाटलं.

तिने मला गुपचूप यादीत घातलं. क्रमांक चव्वेचाळीस.

तिच्या पद्धतीत धडे नव्हतेच. कामं होती. दोघांची जोडी, दोघांनी आपापल्या बंद खोलीत बसायचं. एकाकडे बाजाराचा नकाशा, दुसऱ्याकडे सामानाची यादी. एकाकडे गाड्यांच्या वेळा, दुसऱ्याकडे लग्नाची तारीख. अर्धं तुझ्याकडे, अर्धं माझ्याकडे, आणि बोलल्याशिवाय काम पुरं होत नाही. व्याकरणाला गुण नाहीत. सामान आलं की नाही, माणूस लग्नाला पोचला की नाही, एवढंच बघायचं. नावं सांगायची नाहीत, आणि यंत्र सगळ्यांचे आवाज बदलून एकसारखे करायचं, बाईचा की बुवाचा हेही कळू नये असे.

पहिला आठवडा माझा जोडीदार माणूस नव्हताच, यंत्र होतं. काय त्याचं इंग्रजी! न थकणारं, न रागावणारं, लोण्यासारखं मऊ. माझा खोळंबा अकरावरून चौदावर गेला. नाझनीनला हे फार आवडलं. ती अक्षरशः टाळी वाजवून हसली.

“सगळ्यांचं असंच होतंय सर. समोरचा जितका अस्खलित, तितका आपला खोळंबा मोठा. हे आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. आता चांगली चाळीस लाखांची यंत्रं बाजूला ठेवून मी अडखळणाऱ्यांची अडखळणाऱ्यांशी गाठ घालणार. ज्याचा खोळंबा जेवढा, त्याला तेवढ्याच खोळंब्याचा जोडीदार.”

तसा मला सत्तावीस क्रमांक मिळाला.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं मिळून नऊ मिनिटं गप्प होतो. माझ्याकडे स्वयंपाकघराचं चित्र, त्याच्याकडे हरवलेल्या वस्तूंची यादी. शेवटी तिकडून आवाज आला, “स्पून?” मी चित्रात बघितलं. चमचा फ्रिजवर ठेवलेला होता. कोण ठेवतं चमचा फ्रिजवर? मला हसू आलं आणि हसण्याच्या भरात तोंडून निघून गेलं, “ऑन फ्रिज! व्हाय ऑन फ्रिज?” तिकडेही हसणं ऐकू आलं. आम्ही अकरा वस्तू शोधल्या. बाहेर आलो तेव्हा माझा शर्ट भिजलेला होता आणि मला पेढे वाटावेसे वाटत होते.

पुढचे दोन महिने रोज दुपारी चार वाजता मी खोलीला आतून कडी लावायचो. खोळंबा नऊवर आला, मग पाचवर, मग तीनवर. मी नाझनीनला खोदून खोदून विचारायचो, असं का होतं.

“मेंदूत एक चौकीदार असतो,” ती म्हणायची. “बाहेर जाणारं प्रत्येक वाक्य तपासतो. चूक असेल, हसतील, थांब. तो चांगलाच आहे, त्याच्यामुळेच आपण भलतंसलतं बोलत नाही. पण परक्या भाषेत तो कुणालाच बाहेर सोडत नाही. आता समोरच्याचं काम आपल्यावाचून अडलंय असं दिसलं, की मेंदू सगळं लक्ष तिकडे वळवतो आणि चौकीदाराला कुणी विचारत नाही. अस्खलित बोलणाऱ्याचं तुमच्यावाचून काही अडत नाही ना सर. सत्तावीसचं अडतं.”

घरी मात्र गंमत झाली. चौकीदार तिथलाही सुटीवर गेला असावा. एकदा जेवताना कुंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

“तुमाले झालं तरी काय? पंचवीस वर्सं भाजी कशी झाली इचारलं, त ‘चांगली’ म्हनून गप. आता मीठ, तिखट, फोडनी, सगळ्यायवर भाषन देऊन रायले.”

“मग नको बोलू का?”

“बोला बाप्पा,” ती म्हणाली. “म्या कुटं नाई म्हटलं?”

तिसऱ्या महिन्यात कामं बदलली. खोटा बाजार, खोटं लग्न आता मुलांना पुरेनासं झालं होतं. खोटं आहे हे कळलं की खोळंबा परत चढायचा. म्हणून खरी कामं आली. त्यात एक असं होतं: जोडीदाराने बोलणं कधी थांबवलं, ते त्याच्याकडून काढून घ्या. पाच प्रश्न विचारा, त्याच्या उत्तरांवरून एक पानाची नोंद करा. ती नोंद खरोखरच नाझनीनच्या संशोधनात जाणार होती.

मी विचारलं. सत्तावीसने सांगितलं. इंग्रजी मोडकं होतं, पण मी इथे मराठीतच सांगतो.

“मी पहिल्या वर्षाला होते. धड्यात एक म्हातारा आहे, तो शेवटी घरी जात नाही. मला कळेना, का जात नाही. मी रात्रभर वाक्य बनवलं. सकाळी हात वर केला आणि सरांना इंग्रजीत विचारलं. सर म्हणाले, इंग्रजी पाजळू नकोस बाई, आधी मराठीत तरी तोंड उघडायला शीक. सगळा वर्ग हसला. मग मी थांबले.”

माझे कान गरम झाले. तो धडा मी शिकवतो. तो वर्ग माझा. आणि तिसऱ्या बाकावरची ती मुलगी मला लख्ख दिसली. अनसिंगची श्रावस्ती इंगोले. हजेरीलाही ‘येस सर’ न म्हणता नुसता हात वर करणारी त्या वर्गात ती एकटीच. तीन वर्षं मी तिला लाजाळू समजत होतो. ते वाक्य बोललेलं मला आठवतसुद्धा नव्हतं. असली वाक्यं मी वर्षाला दहा तरी टाकायचो, आणि पोरं हसली की मला बरं वाटायचं.

पाचवा प्रश्न राहिला होता. पण तिनेच मला विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, सर असं का म्हणाले असतील?”

पट्टीने त्या दिवशी माझा आजवरचा सगळ्यात मोठा खोळंबा नोंदवला. एकोणीस सेकंद. कारण उत्तर मला माहीत होतं. तिने इंग्रजीत विचारलं होतं. मला इंग्रजीत उत्तर द्यावं लागलं असतं.

“मेबी,” मी म्हणालो, “ही वॉज अफ्रेड.”

“सर?” तिकडून आलं. “सर घाबरतील? कशाला?” आणि ती हसली. वेळ संपली.

मी नाझनीनकडे गेलो आणि जोडी तोड म्हणालो. तिने सगळं ऐकलं. “तोडते,” ती म्हणाली. “पण त्याआधी हे ऐका. श्रावस्ती दोनदा नापास झालीय. पुढच्या महिन्यात तिसरी, शेवटची परीक्षा. परीक्षा उघडी असते. खरा आवाज, समोर तीस श्रोते. काल मी सराव घेतला. चार जोडीदार बदलून दिले. एकाही वेळी आवाज फुटला नाही.”

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि श्रावस्तीच आत आली. मला बघून ती दारातच थबकली. नाझनीनने ‘बोल’ म्हटल्यावर माझ्याकडे न बघता बोलली.

“मॅडम, मले परीक्षेत चव्वेचाळीसच पायजे. बाकीच्याईसंगं माहा आवाजच निंगत नाई जी. कोन हाय ते, तुमी इचारून पाहा ना. नाई म्हनाले त मी फारमच भरत नाई.”

ती गेल्यावर नाझनीनने परीक्षेची नियमावली उघडून माझ्यापुढे ठेवली.

नियम असा होता की परीक्षेत जोडीदार स्वतः आणता येतो, पण तोही परीक्षार्थीच हवा. इंग्रजीच्या प्राध्यापकांना प्रमाणपत्रातून सूट होती. आम्हाला बोलता येतं हे सरकारने गृहीत धरलं होतं आणि मी त्या कागदावर आनंदाने सही केली होती. आता मला ती सूट नको असा अर्ज करावा लागणार होता. म्हणजे माझं बिंग फुटणार. ते एक झालं. खरी भीती दुसरीच होती.

“मी आहे हे कळल्यावर ती कायमची गप्प झाली तर?” मी विचारलं.

“होऊ शकतं,” नाझनीन म्हणाली. “किंवा नाही होणार. याचा अभ्यास कुणीच केलेला नाही सर. मला खरंच माहीत नाही.”

अर्ज मी दुसऱ्या दिवशी दिला. पण भर सभागृहात तिला धक्का देणं मला पटेना. दुपारी ती सायकल स्टँडपाशी दिसली. आजूबाजूला पाच-सहा मुलं होती. मी सरळ तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि इंग्रजीत बोललो. आयुष्यात पहिल्यांदा, उघड्यावर, माझ्या स्वतःच्या आवाजात.

“आय अ‍ॅम फॉर्टी-फोर.”

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा उतरला.

“अँड आय अ‍ॅम दॅट सर. आय वॉज अफ्रेड. ऑफ युवर क्वेश्चन.” पुढचं इंग्रजी मला सुचेना. “माझं चुकलं, श्रावस्ती. तुझ्यात काही कमी नव्हतं. माझ्यात होतं, आणि ते मी तुझ्यावर ढकललं.”

तिने सायकलचं कुलूप काढलं. “मले जाऊ द्या, सर,” एवढंच म्हणाली आणि गेली.

परीक्षेच्या दिवशी ती येईल की नाही, हे शेवटच्या मिनिटापर्यंत ठाऊक नव्हतं. मी मंचावरच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसलो होतो, समोर माझेच विद्यार्थी, मागच्या रांगेत माझेच सहकारी. ‘टेकाडे परीक्षेला बसले’ हे बघायला शेजारच्या विभागातले लोकही आले होते. नाव पुकारल्यावर ती आली. माझ्याकडे न बघता बसली.

काम केंद्राच्या जुन्या नोंदीतलं होतं. एक आजोबा घरात पडले आहेत. घराचा नकाशा माझ्याकडे. बाहेर रुग्णवाहिका उभी आहे आणि तिच्या लोकांना वाट सांगायचं काम श्रावस्तीचं. कुठलं दार उघडं, आजोबा कुठे, त्यांचं औषध कुठे, हे तिने माझ्याकडून काढायचं. सहा मिनिटं.

एक मिनिट गेलं. ती गप्प. दुसरं मिनिट गेलं. तिचे ओठ मिटलेले होते, आणि पट्टीवरून नाझनीनला दिसत असणार की आत वाक्य तयार आहे. मला ते सहन होईना. म्हटलं, आपण सुरुवात करू.

“द... द ओल्ड मॅन... ही...”

आणि माझी बोबडी वळली. तीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. माझा एक सहकारी खाली मान घालून खांदे हलवत होता. मी पुन्हा ‘द’ म्हणालो, आणि पुन्हा ‘द’, आणि आता सगळं सभागृह हसत होतं. तीन वर्षांपूर्वी तिला कसं वाटलं असेल ते मला त्या खुर्चीत बसून नीट कळलं.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. श्रावस्ती उभी होती.

“स्टॉप!” ती म्हणाली. तिचा खरा आवाज मी एवढा मोठा पहिल्यांदाच ऐकला. घोगरा आहे तिचा आवाज. “नो लाफिंग. ही इज ट्रायिंग. यू डोन्ट नो हाऊ लाँग ही इज ट्रायिंग.”

सभागृह चिडीचूप झालं. ती खाली बसली, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

“सर. टेल मी. विच डोअर इज ओपन?”

“बॅक डोअर,” मी म्हणालो.

“व्हेअर इज ही?”

“किचन. निअर द... निअर द विंडो.”

“इज ही स्पीकिंग?”

“नो.”

“मेडिसिन? सर, फास्ट, प्लीज.”

“ब्लू बॉक्स. अंडर बेड. नो, नो, सॉरी, ऑन द बेड!”

पन्नास सेकंद शिल्लक असताना आजोबा रुग्णवाहिकेत पोचले. नाझनीन मागच्या भिंतीला टेकून उभी होती. ती टाळ्या वाजवायचंही विसरली होती.

श्रावस्ती पास झाली. एक तारखेपासून ती केंद्रात रुजू आहे. मला तिने अजून माफ केलंय की नाही, हे मी विचारलेलं नाही. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल, तिचं आता काही अडत नाही.

मी चार गुणांनी नापास झालो. ही बातमी माझ्या आधी घरी पोचली. कुंदा म्हणाली, “नापास त नापास. बोलले ना?” विद्यापीठाने मात्र चौकशी समिती नेमली आहे. बोलता येत नसताना आपण सव्वीस वर्षं इंग्रजी हा विषय कसा शिकवला, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा, असं पत्र आलं.

मी उलट टपाली कळवलं आहे की लेखी खुलासा मिळणार नाही. तोंडी देईन, समितीसमोर, इंग्रजीत. वेळ लागेल. समितीने बसायच्या तयारीने यावं.